उभ्याने खाल्लेले घास

काल सकाळी गल्लीत चाकवत आला. इकडे त्याला बथुआ म्हणतात. भाजीवाल्या भैयाने गाडी फाटकाशी लावली आणि नेहमीप्रमाणे जुड्या मला उलट्यापालट्या करू दिल्या, कारण मी पिवळं पान चालवून घेत नाही हे त्याला माहीत आहे. "अम्मा, आज ही आया है, सीज़न का पहला," तो म्हणाला. मी दोन जुड्या घेतल्या, किलोभर मटार घेतले, पाल्यासकट शलगम घेतले. लखनौत थंडी आधी भाजीच्या गाडीवर येते आणि मग आठ-दहा दिवसांनी माणसांच्या अंगावर. ओट्याशी उभी राहून पानं खुडायला लागले, बोटांना तो ओल्या मातीचा थंड वास लागला आणि मी चार वर्षं मागे गेले.

मिहिर, अन्वी, तुमच्याकडे ऑकलंडला आता उन्हाळा. परवा फोनवर अन्वी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये दिसली आणि इकडे मी पायमोजे घालून बसले होते. त्याच फोनवर शिल्पा, म्हणजे तुमची आई, मला म्हणाली, "आई, त्या हिवाळ्यात आपण रात्रीला जे जे करायचो ना, ते मला लिहून पाठवा. ऑफिसातून येते तोवर दोघं भुकेने कावलेले असतात. मग पाकीट फोडायचं नाहीतर बाहेरून मागवायचं. पोट भरेल, अंगावर चढणार नाही आणि अर्ध्या तासात होईल असं काहीतरी पाहिजे."

मी यादी करायला बसले. याद्या करणं मला आवडतं. तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अनुक्रमांक घातल्याशिवाय माझ्या हातून काही लिहून होत नाही. पण पहिल्या क्रमांकापुढे 'चाकवताचं पातळ' लिहिलं आणि दुसरा क्रमांक काही केल्या येईना. एक पदार्थ आठवला की तो खाणारी माणसं आठवत होती, कोण कुठल्या खुर्चीवर होतं, कुणाच्या ताटात काय उरलं होतं. तेव्हा यादी राहू दे. आठवेल तसं लिहिते. तुम्ही तेव्हा आठ आणि पाच वर्षांचे होता आणि आपण सगळे इथे एकाच घरात होतो. डोळ्यांसमोर सगळं घडत होतं, पण काय घडतंय ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आबांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या. तुमचे आबा रेल्वेत इंजिनिअर, आयुष्यभर पूल तपासलेले. स्वतःच्या दुखण्याकडेही ते जुन्या पुलाकडे बघावं तसं बघत. "वेग कमी करायचा, वजन कमी टाकायचं. चालेल अजून काही वर्षं," असं म्हणत. पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसहून घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला असे. आबांना किडनी द्यायची म्हटल्यावर प्रशांतला, म्हणजे तुमच्या बाबांना, रक्तदाबामुळे डॉक्टरांनी बाद केलं. माझा रक्तगट जुळला. एकसष्टाव्या वर्षी माझ्या किडन्या उत्तम निघाल्या. अडचण एकच होती. डॉक्टरांनी माझ्या वजनाच्या आकड्याखाली पेनने दोन रेघा ओढल्या. "मैडम, आठ किलो। फ़रवरी के आख़िर तक। तभी मैं आपको टेबल पर लूँगा।"

परीक्षेत कुणी मला काठावर ठेवलंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

घरी येताना गाडीत आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुमन, नाही उतरलं वजन तर नाही उतरलं. जिवाला लावून घेऊ नकोस." चाळीस वर्षांच्या संसारानंतर आवाजावरून कळतं. ते माझी समजूत घालत नव्हते. वजन उतरू नये, अशीच त्यांची मनातली इच्छा होती. त्यांच्यासाठी माझ्या अंगाला सुरी लागावी, हे त्यांना सोसवत नव्हतं. म्हणजे मला आठ किलोंशीही लढायचं होतं आणि त्यांच्याशीही.

आणि लढाईचा मोसम कोणता, तर लखनौचा हिवाळा! इथे या दिवसांत भूक माणसाच्या आधी उठते. चौकात सकाळी मक्खन मलाईचे पिवळे ढीग लागतात, तोंडात ठेवले की दव विरावं तसे विरतात. दारोदार रेवड्या, गजक. ज्या घरी जावं तिथे गाजर हलव्याची वाटी पुढे येते आणि नको म्हटलं तर घरवाली दुखावते. "अरे, ठंड में तो खाया जाता है!" मटारची कचोरी, मेथीचे पराठे, गच्चीवरच्या उन्हात मीठ-मिरची लावलेले पेरू. उन्हाळ्यात उपाशी राहायला मला कुणी सांगितलं असतं तर मी आनंदाने राहिले असते. उन्हाळ्यात इथे कुणाला जेवावंसं वाटतं?

पण दवाखान्यातली आहारतज्ज्ञ मुलगी उपाशी राहू देईना. पंचविशीची असेल, मोठा चष्मा आणि त्याहून मोठा आवाज. "आंटी, भूखे नहीं रहना है। पेट भरकर खाना है, बस समझकर खाना है। और जो भी मुँह में जाए, लिखना है। सब कुछ।" तिने दिलेल्या छापील तक्त्यात दोन स्पेलिंगं चुकलेली होती. ती मी लाल पेनने दुरुस्त केली, मग पट्टी घेऊन स्वतःचा नवा तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. वार, वेळ, पदार्थ, प्रमाण. दर रविवारी सकाळी वजन.

त्या तक्त्यात रात्रीचा रकाना फार देखणा दिसायचा. आजही मी त्याची लाज बाळगत नाही, कारण ती जेवणं खरंच चांगली होती. सोमवारी चाकवताचं पातळ, आपल्याकडे करतात तसं ताकातलं, मूठभर हरभऱ्याची डाळ शिजवून, शेंगदाणे मात्र नखभर. सोबत बाजरीची एक भाकरी. मंगळवारी मुगाचे चिले, म्हणजे धिरडी. भिजवलेले मूग वाटायचे, त्यात दुधी किसून घालायचा आणि तव्याला तेल नुसतं दाखवायचं. बुधवारी निमोना. हा इथलाच पदार्थ, शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला शिकवला होता. कोवळे मटार आल्या-मिरचीसोबत भरडायचे आणि चमचाभर तेलात परतून रस्सा करायचा. एक मोठा वाडगा प्यायला की पोटात ऊब धरते आणि तासाभराने काही तोंडात टाकावंसं वाटत नाही. शिल्पा, पोट कशाने भरतं हे मला त्या हिवाळ्यात कळलं. ज्याला चावावं लागतं, जे गरम असतं आणि जे ताटात पुष्कळ दिसतं, त्याने भरतं. दोन वाट्या भाजी आणि एक पोळी घेतली काय किंवा एक वाटी भाजी आणि दोन पोळ्या घेतल्या काय, ताट सारखंच भरलेलं दिसतं. काट्यावर मात्र ती दोन ताटं फार वेगळी निघतात.

पण तेव्हा हे सगळं फक्त माझ्यासाठी शिजत होतं. आबांचं ताट वेगळं. त्यांना पालेभाजी वर्ज्य, भाजी आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायचं, मीठ चिमटीने. तुमचं ताट आणखी वेगळं, बटाट्याचा पराठा, तुपातली खिचडी, कधी नूडल्स. शिल्पा मेट्रोने सव्वासातला घरी यायची आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून तुमचे कपडे बदलायची. प्रशांत आठला. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळी गरम वाढायचं आणि सगळ्यांचं झालं की मी माझं तक्त्यातलं ताट घेऊन बसायची. एका ओट्यावर तीन स्वयंपाक. मला त्याचा अभिमान वाटायचा.

पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरले. मग काटा थांबला. एक रविवार, दुसरा, तिसरा. मी काट्याचे सेल बदलले. फरशी वाकडी असेल म्हणून काटा न्हाणीघरातून व्हरांड्यात आणला. प्रशांतला त्यावर उभं केलं.

"आई, काटा बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं वाढलंय, ते खरं आहे."

"मग माझंच कसं थांबलं?"

"तुझं शरीर शिस्तीचं आहे. एकदा जागेवर बसलं की हलत नाही."

त्याने हसवायचा प्रयत्न केला होता, पण मला हसू आलं नाही. थायरॉइड तपासून झालं, ते ठीक होतं. डिसेंबर संपत आला होता. दाट धुकं पडायला लागलं होतं, समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नसे. डायलिसिसच्या दिवशी आबांना धरून गाडीपर्यंत नेताना त्यांचं कोपर माझ्या हातात दिवसेंदिवस हलकं लागत होतं. माझ्या अंगावरून उतरायचं ते उतरत नव्हतं, आणि त्यांच्या अंगावरून उतरू नये ते रोज उतरत होतं. एकदा मी रागाने तक्ता फाडायला गेले. आबा शांतपणे म्हणाले, "असू दे गं. तू प्रयत्न केलास ना." मला ते वाक्य दाराला कडी घातल्यासारखं ऐकू आलं.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. उशिरा थोडं ऊन पडलं होतं. आपण सगळे व्हरांड्यात होतो. मिहिर पाढे लिहीत होता, अन्वी जमिनीवर पालथी पडून हत्ती रंगवत होती, आबा वर्तमानपत्राआड. शिल्पा तक्ता हातात घेऊन ओळ न् ओळ वाचत होती.

"आई, हे तर माझ्या निम्म्यानेही नाही. एवढ्यावर तर माणूस वाळून जाईल. काहीतरी चुकतंय."

"माझ्या लिहिण्यात काही चुकत नाही," मी म्हटलं. जरा जोरातच.

तेव्हा अन्वी मान वर न करता म्हणाली, "आजी तो दो बार डिनर करती हैं।"

"चुप, अन्वी," मिहिर म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"क्यों चुप? झूठ थोड़ी बोल रही हूँ। एक बार कुर्सी पर खाती हैं, एक बार किचन में खड़े-खड़े। मेरा वाला पराठा भी, भैया का भी, आबा का चावल भी। फिर कुकर में चम्मच घुमाकर वो भी।" आणि तिने हत्तीला जांभळा रंग द्यायला घेतला.

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसले. "तीन वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाई," ते म्हणाले, "आणि पर्यवेक्षक ठरली ही एवढीशी!" शिल्पाने पदर तोंडावर धरला होता. मी उठून आत गेले.

बाळांनो, मी खोटं लिहिलं नव्हतं. ते खाणं मला खाणं वाटतच नव्हतं. ताटं उचलायची, उरलेला तुकडा केरात टाकायचा जीव होत नाही म्हणून तोंडात टाकायचा, पातेलं घासायला टाकण्याआधी खरवडायचं, हे सगळं माझ्या लेखी भांडी आवरण्यात मोडत होतं. हात धुतले हे कुणी तक्त्यात लिहितं का?

त्या दुपारी स्वयंपाकघरात उभी राहून मी माझ्या आईशी बोलत होते. ती जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. माझे वडील नागपूरला कापडगिरणीत होते. आम्ही पाच भावंडं. रात्रीचं जेवण म्हणजे बहुधा ज्वारीच्या कण्या, कधी आंबाडीच्या भाजीत शिजवलेल्या, कधी नुसत्या ताकाबरोबर. आई सगळ्यात शेवटी बसायची आणि पातेल्याच्या तळाला काय आहे ते बघून तिची भूक ठरायची. आईने मला दोन गोष्टी बजावून शिकवल्या. एक म्हणजे अन्न टाकायचं नाही. दुसरी माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितली. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचं ऐकून बदललेल्या घरांत ती सगळ्याच मुलींना सांगत. "नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं नाही. तू शिकलेली आहेस. तुझं ताट वेगळं." दुसरी गोष्ट मी चाळीस वर्षं मानाने पाळली, निदान मला तसं वाटत होतं. शाळेत मुलींनाही अभिमानाने सांगितली. आणि पहिलीच्या नादात मी रोज रात्री ओट्याशी उभी राहून दुसरी मोडत होते. नवऱ्याचं उष्टं मी देव मानून खाल्लं नाही, शिळं होईल म्हणून खाल्लं. पोटाला त्यातला फरक कळत नाही आणि काट्यालाही नाही.

शिल्पा आत आली. तिने मला समजावलं नाही, उपदेश केला नाही. सुनेने सासूला उपदेश केला असता तर मी तो ऐकलाही नसता. तिने कपाटातले लहान स्टीलचे डबे काढले आणि त्यांवर पट्ट्या चिकटवल्या. मिहिर, अन्वी, आबा, प्रशांत, शिल्पा, आई.

"आजपासून ज्याचं ताट त्याचा डबा," ती म्हणाली. "उरेल ते आपापल्या डब्यात. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याने खायचं. तुमच्या डब्यात फक्त तुमचं. आणि आई, साडेसातला सगळे एकदम बसायचं. तुम्हीसुद्धा. मी रोज आठ मिनिटं आधीची मेट्रो पकडेन."

"आणि वाढणार कोण?"

"हात आहेत ना सगळ्यांना!"

"तुझा नवरा आठला येतो."

"मग तो थंड खाईल," शिल्पा म्हणाली. पुढच्या आठवड्यात प्रशांत सात पंचवीसला यायला लागला. इतकी वर्षं ऑफिस त्याला सोडत नाही असंच मी समजत होते.

तीन स्वयंपाकांचा एक झाला. माझ्या तक्त्यातलंच सगळ्यांना. आबांसाठी त्यातलंच थोडं त्यांच्या पद्धतीने. रविवारी गच्चीवर सतरंजी टाकून सहाजण मटार सोलायचे, पाच जणांचे दाणे टोपलीत आणि मिहिरचे पोटात. आठवड्याचे मूग भिजवून मोड आणून ठेवायचे, भाज्या चिरून डब्यांत. मग संध्याकाळी खरंच अर्धा तास पुरायचा. तहरी इथे घरोघरी करतात, भात, बटाटा, मटार घालून. आपण ती दलियाची केली. एक वाटी दलिया आणि तीन वाट्या फुलकोबी, गाजर, मटार. कुकरच्या दोन शिट्ट्या. अन्वीला त्यात फक्त मटार दिसायचे म्हणून ती खायची. शलगमाचं भरीत तुम्ही दोघांनी एकमताने नाकारलं. ते मी पुन्हा केलं नाही, याची नोंद घ्यावी.

मग कण्यांची जी आठवण झाली होती, ती मला स्वस्थ बसू देईना. इथे ज्वारी सहज मिळत नाही. प्रशांत मला अमीनाबादच्या बाजारात घेऊन गेला. रिक्षा जिथे अडली तिथे उतरून आम्ही गर्दीतून चालत एका जुन्या दाणेवाल्याकडे पोचलो. त्याने चष्म्यावरून बघितलं. "ज्वार? चिड़ियों के लिए चाहिए, बहनजी?"

"नहीं भैया, हमारे लिए।"

"अच्छा," तो म्हणाला, आणि जरा दयेने मापात दाणे वाढवले.

त्या रात्री मी ज्वारी भरडून कण्या केल्या. आंबाडी मिळाली नाही, चाकवतात केल्या. वर लसणाची फोडणी, अर्धा चमचा तेलाची. चाळीस वर्षांत या घरात मी त्या एकदाही केल्या नव्हत्या. इंग्रजीतून एम.ए. झाल्यावर, नवऱ्याला क्वार्टर मिळाल्यावर, डायनिंग टेबल आल्यावर, कण्या मागेच राहिल्या होत्या. मुद्दाम ठेवल्या होत्या, असं लिहिणं जास्त खरं होईल. आणि त्या रात्री माझ्या नातवाने दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला. "आजी, ये रेसिपी कहाँ से आई?" मी म्हटलं, "माझ्या आईची." तो म्हणाला, "उनका भी वेट ज़्यादा था क्या?" मिहिर, तेव्हा मी हसले. खरं उत्तर आज लिहिते. तिचं वजन फार कमी होतं. पोट भरलंय असं वाटायला लावणारं जेवण करणं ही तिची रोजची गरज होती. तिने ते गरिबीत शोधलं आणि त्याने मला माझ्या सुबत्तेतून सोडवलं. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. इथे मानते.

पण त्या महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट डब्यांवर लिहिलेली नव्हती.

आबांना भूक नव्हती. त्या आजारात अन्नाची चवच जाते, सगळं पत्र्यासारखं लागतं, असं ते सांगत. रोज त्यांच्या ताटात निम्मं उरायचं, आणि तेच निम्मं इतके दिवस माझ्या पोटात जात होतं. डब्यांचा नियम झाल्यावर पहिल्या रात्री त्यांच्या डब्यात बराच भात आणि अर्धी पोळी गेली. त्यांनी तो डबा बघितला. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट वाढून घेताना अगदी थोडं घेतलं आणि ते सगळं संपवलं. तिसऱ्या दिवशी थोडं जास्त घेतलं. एकेक घास पाऊण मिनिट चावत, घाम पुसत, शेवटचं शीत संपेपर्यंत. आम्ही सगळे उठून गेलो तरी ते बसून होते. मी म्हटलं, "नको होत असेल तर ठेवा ना डब्यात. सक्ती नाही."

"नको," ते म्हणाले. "पातेल्यात, ताटात, डब्यात, कुठेच काही उरायला नको. तुझी सवय मला माहीत आहे."

वजन उतरू नये असं ज्यांना वाटत होतं, ते माझं वजन उतरावं म्हणून भूक नसताना जेवत होते. त्यांनी तोंडाने होकार कधी दिला नाही. मला तो रोज साडेसात ते सव्वाआठ असा समोरच्या ताटात दिसत होता. डायलिसिसच्या डॉक्टरांनीही विचारलं, "इनकी ताक़त कैसे सुधर रही है?" कुणाला काय सांगणार!

काटा हलला. जानेवारीपासून दर आठवड्याला पाऊण-पाऊण किलो करत हलला. संक्रांतीला तिळाची एक वडी खाल्ली आणि ती तक्त्यात लिहिली. फेब्रुवारीत बाहेर सरसों फुलली, भाजीच्या गाडीवरचा चाकवत जून व्हायला लागला, आणि एका सोमवारी डॉक्टरांच्या काट्यावर मी चपला काढून, बांगड्या काढून, श्वास रोखून उभी राहिले. त्यांनी आकडा बघितला आणि कागदावर सही केली. मी शिक्षिका आहे. पास झाल्यावर मुलं एवढी का ओरडतात, ते मला तेव्हा कळलं.

मग दवाखान्याच्या समितीसमोर जायचं होतं. अवयव देणारा माणूस स्वखुशीने देतो आहे ना, हे ते विचारतात आणि ते योग्यच आहे. लग्नाचा दाखला, जुने फोटो, सगळं मी क्रमाने लावून फाइल नेली होती. टेबलामागचे एक गृहस्थ म्हणाले, "मैडम, घर में किसी का दबाव तो नहीं है आप पर?"

"है," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. प्रशांत मागे खुर्चीत सरळ झाला.

"पोती का। पाँच साल की है। हर निवाले पर नज़र रखती है।"

खोलीतले सगळे हसले. मग त्यांनी आबांकडे वळून विचारलं, "और आप, सर? आप राज़ी हैं?" आबांनी माझी फाइल पुढे ओढली आणि एकेक पान उलटलं. मला वाटलं, आता नाही म्हणतात. "मैं इंजीनियर हूँ," ते म्हणाले. "जिस काम की इतनी तैयारी हो चुकी हो, उसे रोका नहीं जाता।"

आता या घरात आम्ही दोघंच आहोत. डबे अजून सहाच्या सहा आहेत, त्यांवरची नावं पुसट झाली आहेत. तुमच्या दोघांच्या डब्यांत मी आता जिरं आणि मोहरी ठेवते. काल चाकवताचं पातळ केलं. शिल्पा, कृती वेगळ्या कागदावर पाठवते आहे, प्रमाणांसकट, अनुक्रमांक घालून. तिकडे चाकवत मिळणार नाही, पालक चालेल. एवढं मात्र कर, स्वयंपाक करणाऱ्याने सगळ्यांबरोबर बसायचं. तो अर्धा तास वाचला नाही तरी चालेल.

ऑपरेशनच्या वेळचं थोडं सांगून थांबते. माझं सोपं होतं. दुखलं, पण सोसण्यासारखं. आबांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, तिथे कुणाला जाऊ देत नव्हते. दोन दिवस मला त्यांचे फक्त आकडे कळत होते, रक्तातले, लघवीचे. प्रशांत ते कागदावर लिहून आणायचा आणि मी उशीखाली ठेवायची. आकडे चांगले आहेत असं सगळे सांगत होते, पण आकडे चांगले असून काय होतं ते मला तक्त्याने शिकवलं होतं. तिसऱ्या दुपारी मला मऊ खिचडी दिली. दोन घास घेतले होते, तेवढ्यात प्रशांत आत आला. नर्सच्या हातून आबांचा निरोप आला होता म्हणाला.

माझा चमचा थांबला. "काय म्हणाले?"

"विचारतायत, तू जेवलीस का."

बाळांनो, हा प्रश्न मी जन्मभर घरातल्या प्रत्येकाला विचारत आले. नवऱ्याला, मुलाला, सुनेला, तुम्हाला, दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला विचारलेला आठवत नाही. त्यात माया कमी होती असं मुळीच नाही. ज्याच्या हातात पळी असते, ते माणूस जेवलेलंच असणार, असं सगळं जग धरून चालतं. मीही तसंच धरून चालत होते.

"म्हणावं, जेवते आहे," मी सांगितलं. "आणि त्यांना विचार, तुम्ही..."

"तू हे विचारणार ते त्यांना माहीत होतं," प्रशांत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "नर्सला म्हणाले, तिला सांगा, मला भूक लागली आहे."